जॅक रसेल घरी आणताय? इंदूरच्या मराठी घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, राहणारी माणसं कुत्रा घ्यायचं ठरवतात तेव्हा आधी त्याची उंची बघतात. लॅब्राडोर मोठा होतो, जर्मन शेफर्ड त्याहून मोठा. मग कुणीतरी सुचवतं, जॅक रसेल टेरियर घ्या, जेमतेम फूटभर उंच, पाच-सहा किलो वजन, त्याला जागा ती कितीशी लागणार! जागा खरोखरच कमी लागते. वेळ मात्र लॅब्राडोरपेक्षा जास्त लागतो, आणि हे पिल्लू विकणारा सांगत नाही. जॅक रसेल हा लहान आकाराचा कामकरी कुत्रा आहे. मांडीवर बसवण्यासाठी ही जात कुणी घडवलेलीच नाही. काम दिलंत तर त्याच्यासारखा मजेदार सोबती नाही. दिलं नाहीत तर तो स्वतः काम शोधतो, आणि ते बहुधा तुमच्या सोफ्यात सापडतं.

तो असा का वागतो

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल (1795–1883) नावाचे एक पाद्री होते, शिकारीचे भारी शौकीन. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर कुत्री विकत घेतली आणि पुढे तिच्यापासून आपली पैदास सुरू केली, असं सांगतात. त्यांना हवा होता तो घोड्यांबरोबर पळू शकेल, कोल्ह्याच्या बिळात शिरू शकेल आणि त्याला भुंकून भुंकून बाहेर काढेल असा कुत्रा. अंग पांढरं, म्हणजे धावपळीत कोल्हा समजून कुणी त्यालाच धरू नये. छाती अरुंद, म्हणजे बिळात अडकू नये. आजही जाणकार माणूस पुढच्या पायांच्या मागून दोन्ही हातांची बोटं छातीभोवती जुळतात का ते बघतो.

आता हे तुमच्या घराशी जोडून बघा. जमिनीखाली अंधारात, मालकाच्या नजरेआड काम करणाऱ्या कुत्र्याला स्वतः निर्णय घ्यावे लागत. म्हणून हा तुमच्या हाकेवर आधी विचार करतो, मग येतो. आत काय चाललंय ते वर उभ्या माणसाला कळावं म्हणून तो भुंके, म्हणून दाराची घंटा वाजली की आजही इमारतीला कळतं. उकरणं हे तर त्याचं कामच होतं, तेव्हा तुळशीच्या कुंडीतली माती बाहेर आली तर त्यात खोडी कमी आणि स्वभाव जास्त. आणि आपल्याहून मोठ्या जनावरासमोर मागे न हटणं हा त्याचा गुण, पण कॉलनीतल्या चार कुत्र्यांसमोर तोच त्याला महागात पडतो.

माणसांवर मात्र तो जीव टाकतो. हुशार आहे, विनोदी आहे, घरातल्या प्रत्येकाची दिनचर्या आठवड्याभरात पाठ करतो. कंटाळा ही गोष्ट त्याला सहन होत नाही, एवढं लक्षात ठेवलं तर बाकीचं सोपं आहे.

आणण्याआधी घरात बसून बोला

मे महिन्यात सकाळी सहाला त्याला फिरवायला कोण नेणार, हा पहिला प्रश्न. "सगळे मिळून" हे उत्तर धरू नका. एका माणसाचं नाव ठरवा, दुसरं पर्यायी. दिवसभर घराला कुलूप असेल तर ही जात घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. आठ तास एकटा राहणारा जॅक रसेल भुंकतो, दार कुरतडतो, आणि मग शेजारच्या काकू बोलायला येतात तेव्हा त्यांचं काही चुकत नाही.

घरात ससा, पोपट, पांढरे उंदीर असतील तर बेत सोडा. हलणारी छोटी गोष्ट दिसली की त्याचं डोकं चालायचं थांबतं, शिकवणीने हे कमी होतं, जात नाही. मांजरीबरोबर लहानपणापासून वाढला तर जमू शकतं, पण तेही घरच्याच मांजरीपुरतं. मुलं पाच-सहा वर्षांच्या पुढची असली तर उत्तम. शेपूट ओढणं, जेवताना त्रास देणं तो लॅब्राडोरसारखा सोसत नाही, दात दाखवतो. घरात तोल सांभाळून चालणारी आजी असेल तर पायात लुडबुडणारं हे पिल्लू काही महिने दोरीवर किंवा जाळीच्या फाटकामागे ठेवायची तयारी हवी.

रामबाग, लोकमान्यनगरकडच्या ज्या घरांना अजून अंगण उरलंय तिथे त्याची चैन आहे. पण अंगण म्हणजे फिरायला नेणं नव्हे. आणि कुंपणाखालून बाहेर जाणारा रस्ता तो दोन दिवसांत खोदतो.

पिल्लू निवडताना

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "पंचेचाळीस दिवसांचं आहे, घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून काढता पाय घ्या. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू दात किती जोरात लावायचे हे शिकतच नाही, आणि ते शिक्षण मग तुमच्या हातांवर होतं.

प्रत्यक्ष जाऊन बघा. फोटोवर सौदा करू नका. आई समोर दिसली पाहिजे, तिचा स्वभाव बघा. ती माणसांना घाबरून कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लांकडून फार अपेक्षा ठेवू नका. मग पिल्लांच्या मागे उभं राहून चाव्या वाजवा. सगळी वळली आणि एक झोपलेलं नसूनही वळलं नाही, तर त्याच्या कानांची तपासणी करून घ्या, कारण पांढऱ्या रंगाचं प्रमाण जास्त असलेल्या जातींत जन्मजात बहिरेपणा आढळतो. डोळे स्वच्छ, पोट टणक फुगलेलं नको, मागच्या पायांनी सरळ चालणारं हवं. केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळीची कागदपत्रं असतील तर चांगलंच, पण ती स्वभावाची हमी नव्हेत.

पूर्ण वाढलेला जॅक रसेल 25 ते 30 सेंटिमीटर उंच आणि साधारण 5 ते 6 किलोचा असतो. अंग उंचीपेक्षा किंचित लांब. पार्सन रसेल ही त्याचीच उंच पायांची भावकी, वेगळी जात धरतात. "मिनी" किंवा "टीकप" म्हणून जास्त पैसे मागितले तर समजा, तुम्हाला अशक्त पिल्लू विकलं जातंय. केस गुळगुळीत, राठ आणि मिश्र अशा तीन प्रकारचे असतात आणि तिन्ही प्रकारचे गळतात. काळ्या पॅन्टवर पांढरे केस, हे आता कायमचं.

पहिले पंधरा दिवस

घर आधी जमिनीवर बसून बघा, त्याच्या नजरेच्या उंचीवरून. गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधून त्याचं डोकं जातं का? जात असेल तर जाळी लावल्याशिवाय पिल्लू आणू नका. मोबाइलच्या चार्जरची वायर, खाली ठेवलेली औषधं, उंदरांच्या औषधाच्या वड्या, सगळं वर जायला हवं. फरशी फिनाइलने पुसत असाल तर ती पूर्ण वाळेपर्यंत त्याला त्या खोलीत सोडू नका, कारण ओल्या पायांना लागलेलं तो चाटतो.

शी-शूची शिस्त लावायला युक्ती लागत नाही, घड्याळ लागतं. झोपून उठला की, जेवला की, खेळून थांबला की लगेच ठरलेल्या जागी न्या. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त रोखून धरू शकत नाही. रात्री एकदा उठावं लागेल. जागेवर केलं की त्याच क्षणी खाऊ आणि कौतुक, घरात आल्यावर नाही. चुकीच्या जागी केलं तर गप्प पुसून टाका. नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं याने तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायचं नाही, पलंगाखाली करायचं.

झोपायला एक पिंजरा किंवा मोठं खोकं द्या, आत जुनी चादर. दार उघडं ठेवून आत खाऊ टाका, तिथेच जेवण द्या, मग काही मिनिटं दार लावा, मग अर्धा तास. बिळात शिरणाऱ्या जातीला अशी बंद जागा मनापासून आवडते. ती शिक्षेची जागा कधीही करू नका.

पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याकडे न्या. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे जीवघेण्या विषाणू-आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळा आठवड्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांना, वर्षाने पुन्हा, पुढे डॉक्टर सांगतील तशी. लेप्टोस्पायरोसिसची लस आहे का, हे आवर्जून विचारा. हा रोग उंदरांच्या मुतातून पसरतो आणि हा उंदीर धरणारा कुत्रा आहे. जंताचं औषध लहानपणी दर दोन आठवड्यांनी, नंतर वयाप्रमाणे. अवघड आजारासाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हे इंदूरकरांचं नशीब.

लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर चालवायचं नाही, पण घरात कोंडायचंही नाही. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जे जे ओळखीचं होतं त्याची भीती पुढे वाटत नाही. कडेवर घेऊन राजवाडा चौकातला गोंगाट दाखवा, कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकवा, हेल्मेटवाला, छत्रीवाली, काठी टेकत येणारे आजोबा, सगळे त्याला भेटू देत. हे आठवडे वाया घालवले तर पुढची वर्षं तो प्रत्येक स्कूटरवर भुंकेल.

दात, भुंकणं, खोदणं

पिल्लू हाताला चावतं ते खेळायला. हात ओढून घेतलात तर त्याचा खेळ रंगतो, कारण पळणारी गोष्ट पकडायची हेच त्याला ठाऊक. हात सैल सोडा, उठून जा, अर्धं मिनिट त्याच्याकडे बघू नका. मग परत येऊन दोरीची गाठ त्याच्या तोंडात द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवं. बाबा हातानेच कुस्ती खेळतात आणि आई रागावते, अशा घरात हा कुत्रा चार महिन्यांचा झाला की पाहुणे यायचे बंद होतात.

आज्ञाही सगळ्यांच्या तोंडी एकच हव्यात. आजी मराठीत, कामाच्या मावशी हिंदीत, मुलं इंग्रजीत असं झालं तर तो कुणाचंच ऐकणार नाही. "बस", "थांब", "ये" आणि "सोड" हे चार पुरेत, पैकी "सोड" सगळ्यांत मोलाचा. दोरीची ओढाओढ खेळताना मध्येच दोरी सैल करा, नाकापुढे खाऊ धरा, त्याने सोडलं की "सोड" म्हणा, खाऊ द्या आणि लगेच दोरी परत द्या. सोडलं की खेळ संपत नाही हे त्याला पटलं पाहिजे. एक दिवस त्याच्या तोंडात मेलेला उंदीर असेल, तेव्हा हा शब्द कामाला येईल. शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून तीनदा. अर्ध्या तासाचा तास घेतलात तर तो तुमच्या देखत झोपेल.

भुंकण्यावर "चूप" ओरडू नका, त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. घंटा वाजली की चटईवर जाऊन बसायचं आणि तिथे खाऊ मिळतो, ही सवय लावा. आधी घरातल्याच कुणाला तरी घंटा वाजवायला सांगून. खिडकीतून रस्त्याकडे बघत दिवसभर भुंकत असेल तर काचेच्या खालच्या भागाला कागद चिकटवा. ही अगदी साधी गोष्ट आहे आणि सगळ्यांत लवकर उपयोगी पडते.

खोदणं थांबवता येत नाही, त्याची जागा बदलता येते. गच्चीवर किंवा अंगणात एका मोठ्या टबात वाळू-माती भरा, त्यात त्याच्यासमोर खाऊ पुरा. चार-पाच दिवस हे केलंत की तो आपण होऊन तिथे जाईल. कुंड्यांवर मोठे गोटे रचून ठेवा.

रोजचं काम

मोठ्या झालेल्या जॅक रसेलला दिवसातून किमान तासभर खरा व्यायाम हवा, दोन वेळांत विभागून. वर्षाच्या आतल्या पिल्लाला लांब पळवू नका, जिने चढ-उतर करायला लावू नका, त्याचे सांधे अजून तयार नसतात.

पण माझं मत विचाराल तर पायांपेक्षा नाक थकवणं जास्त फायद्याचं. जेवण भांड्यात कशाला द्यायचं? जुन्या टॉवेलमध्ये खाण्याचे दाणे टाकून गुंडाळी करा आणि ती सोडवू द्या. खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात लपवा. चार वाट्या पालथ्या घाला, एकीखाली खाऊ. खोलीच्या बाहेर थांबवून आत वस्तू लपवा आणि "शोध" म्हणून सोडा. वीस मिनिटं असं नाक चाललं की तो निवांत पडतो, आणि पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा घर वाचतं. काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधून गोल फिरवण्याचा खेळही त्याला वेड लावतो. फक्त शेवटी चिंधी पकडू द्या, नुसती हुलकावणी दिलीत तर चिडचिडा होतो.

बाहेर पट्टा कधीही सोडायचा नाही. दहा वेळा हाकेला आलेला जॅक रसेल अकराव्या वेळी खार बघतो आणि रस्ता ओलांडतो. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घ्या, त्यावर फोन नंबरचं बिल्लं. पिपल्यापाला किंवा सिरपूर तलावाकडे न्यायचं असेल तर कुत्र्यांना परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. शहरातल्या बऱ्याच बागा नाही म्हणतात. महापालिकेतल्या नोंदणीचं झोन कार्यालयात विचारा. आणि पिशवी खिशात हवीच. 2017 पासून वर्षानुवर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर आहे, इथे शी उचलली नाही तर लोक ऐकवतात, आणि बरोबर ऐकवतात.

कॉलनीतली कुत्री दिसली की लांबूनच बाजू बदला. रोज एकाच वेळी, एकाच वाटेने गेलात तर ती ओळखू लागतात आणि उठतही नाहीत. तुमचाच आधी गुरगुरत असेल तर पट्टा ताणून धरू नका, वळा आणि चालू लागा. चावा किंवा ओरखडा माणसाला लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखान्यात जा, कुत्रा पाळीव असो की रस्त्यावरचा.

खाणं: पोह्यांपासून सुरुवात

इंदुरात सकाळी पोहे होतातच आणि पायाशी बसलेल्याला चमचाभर दिल्याशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नाहीत. देऊ नका. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतो, शिजवलेलाही, आणि सहा किलोच्या जिवाला थोडाही पुरतो. लसूण त्याच माळेतला. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणजे प्रसादाचा शिराही बंद. चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम, शिजवलेली हाडं, हेही नाही. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून आलेला गराडू (तळलेला कंद) आणि शेव यांचं तेल-मसाला त्याच्या स्वादुपिंडाला झेपत नाही.

मोठ्या, चपळ जॅक रसेलची दिवसाची गरज साधारण 400 ते 450 कॅलरी. एक मध्यम पोळी शंभरेक कॅलरीची, म्हणजे पाव दिवसाचं जेवण. दूध-पोळीवर वाढवलेली पिल्लं गुबगुबीत दिसतात, पण त्यांना प्रथिनं कमी पडतात आणि पुष्कळांना दुधाने जुलाब होतात. तयार खाद्य देत असाल तर लहान जातीच्या पिल्लांचं घ्या, चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. शाकाहारी घरांत हा विषय नाजूक असतो. अंडं चालत असेल तर प्रश्न बराच सुटतो. तेही नसेल तर दही, पनीर, डाळ-भात यांवर मनाने न भागवता पशुवैद्याकडून आहार लिहून घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

वजन बरोबर आहे का ते हाताने कळतं. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात.

उन्हाळा, काळी माती आणि सण

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला चालवू नका. सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर, माळव्याची रात्र गार असते, तिचा फायदा घ्या. हा कुत्रा दमला तरी चेंडू टाका म्हणतो, तेव्हा खेळ तुम्ही थांबवायचा. जीभ लांब लोंबत, लाळ घट्ट, पाय लटपटू लागले तर सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी नको.

पावसाळ्यात काळी माती बोटांच्या बेचक्यांत बसते आणि वाळली की दगड होते. आल्यावर पाय धुऊन, बेचक्या कोरड्या पुसून, कानांच्या मागे आणि आत, काखेत, बोटांमध्ये गोचीड आहे का ते बघा. ती चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, रॉकेल वगैरे लावायचं नाही. गोचिडीचा ताप इथे नेहमीचा आहे. जेवण सोडलं, ताप आहे, हिरड्या फिकट दिसतात, नाकातून रक्त येतं, तर रक्ततपासणी त्याच दिवशी. पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन घरातून देऊ नका, ती त्याच्यासाठी विष आहेत. पावसाळ्यात अंगणात सापही निघतात आणि हा मागे हटणार नाही, त्यामुळे अंधारात त्याला मोकळं सोडायचं नाही.

जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की गुळगुळीत केसांच्या कुत्र्याला सकाळी एक स्वेटर पुरे.

दिवाळीचे फटाके, अनंत चतुर्दशीच्या झाक्या, रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक): गेरच्या दिवशी राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर त्याला आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे पोचवा. दिवाळीत संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, आतली खोली, पडदे, पंखा, पिंजऱ्यावर चादर. जवळ येऊन बसला तर बसू द्या, त्याने भीती वाढत नाही. फार घाबरणारा असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी औषधाचं बोला.

अंगाची निगा आणि या जातीचे आजार

अंघोळ महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूने. आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश. राठ केसांच्या कुत्र्याचे मेलेले केस बोटांनी उपटून काढतात, मशीन फिरवली की केस मऊ पडतात. नखं दर तीन आठवड्यांनी. दात रोज घासता आले तर फारच छान, लहान जातींचे दात लवकर किटतात. माणसांची टूथपेस्ट नको.

डोळा अचानक लाल, पाणावलेला, निळसर झाला, तो मिटून धरतोय, तर रात्र जाऊ देऊ नका. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार या जातीत आहे, बहुधा तीन ते आठ वर्षांच्या वयात होतो, आणि उशीर झाला तर डोळा जातो. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालतो, तर ढोपराची वाटी सरकत असेल, दाखवून घ्या. त्याने औषध खाल्लेला उंदीर धरला असेल, तर लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस जाऊ शकतात. वाट न बघता विषाचं पाकीट घेऊन जा, विष रक्त गोठू न देणारं असेल तर व्हिटॅमिन के वेळेत सुरू झाल्यास तो बहुधा वाचतो.

नीट सांभाळला तर तेरा ते सोळा वर्षं जगतो. म्हणजे आज सहावीत असलेल्या मुलीसाठी आणलेला कुत्रा ती नोकरीला पुण्याला गेल्यावर तुमच्याकडेच असणार आहे.

पुण्याला जायचं असेल तर

सुट्टीत त्याला घेऊन रेल्वेने जायचं तर एसी फर्स्ट क्लासमध्ये अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला पाठवावं लागतं. टू-टियर, थ्री-टियर, स्लीपरमध्ये कुत्रा चालत नाही. पेटीत या जातीला पाठवू नका, तो रात्रभर दार खोदेल. लसीकरणाची वही आणि पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला जवळ ठेवा, स्टेशनवर पार्सल ऑफिसात आधी विचारून घ्या. कार असेल तर मागच्या सीटवर पिंजरा पट्ट्याने बांधा, निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, दर दोन तासांनी थांबा. ढाब्यावर दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या.

त्याला मागे ठेवून जायचं असेल तर ओळखीच्या माणसाकडे ठेवा, त्याची चादर आणि पिंजरा बरोबर द्या, आणि त्या घराचं कुंपण आधी स्वतः जाऊन बघून या.